'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' नेमकं कसं वापरायचं

पंगतीत पान वाढायला सुरुवात होते ती मिठानं. डाव्या बाजूला चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. आमटीत आणि भाजीत आचाऱ्यानं मीठ घातलेलं असतंच. पानातलं हे मीठ मात्र जेवणाऱ्याचं, त्यानं आपल्या जिभेप्रमाणे घ्यायचं. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' या इंग्रजी वाक्प्रचारातलं मीठ म्हणजे हेच पानातलं मीठ. सांगणाऱ्यानं जे वाढलं ते जसंच्या तसं गिळायचं नाही, ऐकणाऱ्यानं त्याला शंकेचं थोडं मीठ लावायचं आणि मगच घ्यायचं. 'सोळा आणे खरं धरू नका' किंवा 'हातचं राखून विश्वास ठेवा', इतकाच त्याचा अर्थ.

आपली पहिली चूक इथंच होते, कारण मराठीत बोलण्याला मीठ लावतो तो सांगणारा. 'तिनं तिखटमीठ लावून सांगितलं' म्हणजे तिनं वाढवून सांगितलं. हा वाक्प्रचार डोक्यात पक्का बसलेला असतो, त्यामुळे 'शी टोल्ड द स्टोरी विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' असं वाक्य सहज तयार होतं. इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तिखटमीठ लावण्यासाठी इंग्रजीत 'शी एक्झॅजरेटेड' म्हणतात, नाहीतर 'शी स्पाइस्ड अप द स्टोरी'. मीठ ऐकणाऱ्याच्या हातात आणि तिखटमीठ सांगणाऱ्याच्या हातात, एवढं लक्षात राहिलं तर निम्मं काम झालं. खरं तर दोन्ही एकाच प्रसंगात फिट्ट बसतात. कोणी तिखटमीठ लावून सांगितलेलं असतं, तेच आपण पिंच ऑफ सॉल्ट लावून ऐकायचं असतं.

मराठीतली बाकीची मिठंही आडवी येतात. 'ग्रेन ऑफ सॉल्ट' या दुसऱ्या रूपाचं भाषांतर करताना 'मिठाचा खडा' लिहिण्याचा मोह होतो. पण आपल्याकडे मिठाचा खडा पडतो तो दुधात, आणि सगळं नासवतो. इंग्रजीतल्या कणानं काही नासत नाही, उलट ऐकणारा सांभाळला जातो. मिठाला जागणं, मीठ खाल्लेल्या घराशी इमान राखणं, यांचा तर इथं काडीचाही संबंध नाही. जखमेवर मीठ चोळणं तेवढं दोन्ही भाषांत एकसारखं आहे: 'रब सॉल्ट इनटू द वूंड'.

वाक्य कसं बांधायचं

क्रियापद सहसा 'टेक'. 'बिलीव्ह इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट', 'लिसन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट', 'अ‍ॅड अ पिंच ऑफ सॉल्ट टू हिज वर्ड्स' ही रूपं कानाला खटकतात, आणि शेवटचं तर रेसिपीतलं वाटतं. 'टेक'नंतर लगेच येते ती ज्याच्यावर शंका आहे ती गोष्ट, आणि शेपटीला 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट'. मधली जागा एका शब्दाची असू शकते, तशी आख्ख्या उपवाक्याचीही:

'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'
'आय टुक हिज प्रॉमिस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'
'यू शुड टेक एनीथिंग ही सेज अबाउट प्राइसेस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'
'दीज फिगर्स शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'

शेवटचं कर्मणि रूप बातम्यांत आणि अहवालांवरच्या लेखांत सर्रास दिसतं. 'शुड बी टेकन' आणि 'मस्ट बी टेकन' दोन्ही चालतात, पण 'मस्ट' जरा दटावल्यासारखं वाटतं.

'अ' गाळू नका. मराठीत उपपद नसल्यामुळे 'विथ पिंच ऑफ सॉल्ट' हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं चुकीचं रूप आहे. चिमटीचं अनेकवचनही करू नका, 'टू पिंचेस' कोणी म्हणत नाही. शंका वाढवायची असेल तर चिमट्यांची संख्या तशीच ठेवून एकच चिमूट मोठी करायची: 'विथ अ लार्ज पिंच ऑफ सॉल्ट', 'विथ अ ह्यूज ग्रेन ऑफ सॉल्ट'. गमतीत लोक 'विथ अ बकेटफुल ऑफ सॉल्ट'पर्यंत जातात. मित्रांच्या गप्पांत ते खपतं, ऑफिसच्या ईमेलमध्ये टाळा. शंका कमी करायची असेल तर 'स्मॉल पिंच' म्हणत नाहीत, सरळ वाक्प्रचारच सोडून देतात.

'पिंच' की 'ग्रेन'? ब्रिटिश बहुतेक 'पिंच' म्हणतात, अमेरिकन बहुतेक 'ग्रेन'. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'पिंच' जास्त आढळतो. दोन्हींच्या अर्थामध्ये तसूभर फरक नाही. एका लेखात एकच रूप ठेवा, म्हणजे झालं.

बोलताना जोर 'पिंच' आणि 'सॉल्ट' या दोन शब्दांवर. मधला 'ऑफ' जवळजवळ गिळला जातो आणि 'पिंचव् सॉल्ट' असं काहीतरी ऐकू येतं. प्रत्येक शब्द सुटा आणि सारख्या जोरात उच्चारला की पाठ केल्यासारखं वाटतं.

कशाला मीठ लावायचं, कशाला नाही

मीठ लागतं ते माहितीला: दावा, बातमी, आकडा, आश्वासन, जाहिरात, अफवा, स्वतःचीच फुशारकी. विनंतीला, हुकुमाला किंवा प्रश्नाला ते लावत नाहीत. साहेबांनी 'उद्या लवकर या' म्हटलं तर त्यात खरं-खोटं काही नसतं, म्हणून तिथं हा वाक्प्रचार बसत नाही. 'उद्या आलात तर ओव्हरटाइम मिळेल' म्हणाले, तर मात्र लावा.

गोष्ट अर्धीमुर्धी खरी असण्याची शक्यताही हवी. सरळ थापेला मीठ लावत नाहीत. 'सूर्य पश्चिमेला उगवला' हे ऐकून 'आय टुक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणालात तर ते विनोद म्हणूनच घेतलं जाईल. वाक्प्रचारात सावधपणा आहे, नकार नाही. स्पर्धा परीक्षांच्या पर्यायांत नेमका हाच सापळा असतो. 'पूर्ण अविश्वास दाखवणे' आणि 'काही शंका ठेवून स्वीकारणे' हे दोन पर्याय शेजारी शेजारी दिले तर उत्तर दुसरं. 'पूर्ण विश्वास ठेवणे' हा पर्याय फक्त गाफील परीक्षार्थीला पकडण्यासाठी असतो.

कोल्हापुरात हे शिकवायला उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. चपलांच्या दुकानात 'खरी कोल्हापुरी फक्त कोल्हापुरातच बनते' असं ऐकलं, तर 'आय वुड टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' हे उत्तर अगदी चपखल, कारण दाव्यात तथ्य आहे पण तो पूर्ण नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 'आमच्या मिसळीइतकी तिखट मिसळ जगात कुठं नाही' हे वाक्य तर ऐकायचंच मीठ लावून, मग ते कितीही 'जगात भारी'च्या ठसक्यात सांगितलेलं असो. आणि 'एकदम केमिकल-फ्री गूळ' म्हणणाऱ्याचा गूळ लख्ख पिवळाधमक दिसत असेल, तर पिंच जरा मोठी घ्यावी. रसायन न घातलेला गूळ सहसा तपकिरीकडे झुकतो.

पुराच्या दिवसांत मात्र हा वाक्प्रचार जपून वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइलवर निरोप फिरू लागतात: 'राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले, पहाटेपर्यंत शाहूपुरीत पाणी.' अशा निरोपाबद्दल 'टेक धिस मेसेज विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणणं रास्तच. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. ते पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडतात आणि मिटतात. त्यामुळे 'दरवाजा उघडला' एवढ्यावरून शहरात पाणी शिरेल असं ठरत नाही. पण प्रशासन राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी जाहीर करतं, त्या आकड्याला मीठ लावायचं नाही. तिथं 39 फूट ही इशारा पातळी आहे आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये नदी धोका पातळीच्या दहा फुटांहून जास्त वर गेली होती. इथं भाषेची एक चूक महागात पडू शकते. बरेच जण 'पिंच ऑफ सॉल्ट'चा अर्थ 'हलक्यात घ्या' असा लावतात. ते 'टेक इट लाइटली' झालं, आणि दोन्हींत मोठा फरक आहे. मीठ लावायचं ते खरेपणाला, गांभीर्याला नाही. निरोप कितपत खरा हे तपासा म्हणजे 'पिंच ऑफ सॉल्ट'. निरोप खरा आहे पण चिंता करू नका म्हणजे 'लाइटली'. पुराच्या इशाऱ्यापुढे 'लाइटली' कधीच म्हणू नये.

'नका'चा घोटाळा

हा अवघडातला अवघड भाग आहे, आणि भाषांतर करणारे पत्रकार, शिक्षकसुद्धा इथं घसरतात. मराठीत हा अर्थ सांगताना आपण बहुधा नकारात बोलतो: 'सगळंच खरं मानू नका', 'लगेच विश्वास ठेवू नका'. इंग्रजी वाक्य मात्र होकारी आहे. डोक्यातलं 'नका' हातात उतरतं आणि कागदावर येतं: 'डोन्ट टेक हिज वर्ड्स विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' अर्थ उलटा झाला! हे वाक्य सांगतं, की शंका घेऊ नका, मीठ न लावता गिळा. नकारातच बोलायचं असेल तर इंग्रजीत त्यासाठी दुसरे शब्द आहेत: 'डोन्ट टेक इट अ‍ॅट फेस व्हॅल्यू', 'डोन्ट टेक हिज वर्ड फॉर इट'. पडताळायची युक्ती सोपी आहे. वाक्य लिहून झालं की 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट'च्या जागी 'विथ सम डाउट' ठेवून वाचा. 'डोन्ट टेक इट विथ सम डाउट' वाचताच चूक कळते.

दुसरी गल्लत 'मनावर घेऊ नका'शी होते. कोणी टोचून बोललं, चिडवलं, कामातल्या चुका काढल्या, की 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' असा सल्ला दिला जातो. देणाऱ्याला म्हणायचं असतं की खिलाडूपणे घे. त्यासाठी आपल्याकडे 'टेक इट स्पोर्टिंगली' म्हणतात, बाहेर 'डोन्ट टेक इट पर्सनली' किंवा 'डोन्ट टेक इट टू हार्ट'. टीका ऐकून 'आय टुक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणालात, तर अर्थ होतो की टीका मला फारशी खरी वाटली नाही. वरिष्ठांपुढे हे वाक्य गेलं तर तुम्ही खिलाडू ठरत नाही, उद्धट ठरता.

याच कारणानं ज्याच्या बोलण्यावर शंका आहे त्याच्याच तोंडावर 'आय विल टेक युअर वर्ड्स विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणत नाहीत. ते 'तुझ्यावर माझा विश्वास नाही' याच्या जवळ जातं. तिसऱ्या माणसाबद्दल किंवा छापील मजकुराबद्दल बिनधास्त वापरा. स्वतःच्या बोलण्याबद्दल वापरलं तर नम्रपणा दिसतो: 'टेक धिस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, बट आय हर्ड द ऑफिस इज शिफ्टिंग.' ऐकीव गोष्ट सांगून जबाबदारी अलगद बाजूला ठेवायची असेल तर इतकं सोयीचं दुसरं वाक्य नाही. सरकारी पत्रात, करारात, निविदेत मात्र हा वाक्प्रचार आणू नका. तिथं 'सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन' लिहितात.

हे मीठ आलं कुठून

उगमाची जी कथा सांगतात तिलाही थोडं मीठ लावूनच घ्यावं. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकानं इसवी सन 77च्या सुमारास 'नॅचरालिस हिस्टोरिया' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या 23व्या खंडात एक उतारा औषध आहे. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा सहावा मिथ्रिडेटिस हरल्यावर त्याच्या खासगी कागदांत पाँपे या सेनापतीला राजाच्या हस्ताक्षरातली कृती सापडली: दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची 20 पानं एकत्र वाटायची आणि त्यात मिठाचा एक कण घालायचा. हे अनशापोटी घेतलं तर त्या दिवशी कुठलंही विष बाधत नाही, असा दावा. यावरून सांगतात, की मिठामुळे विष सुसह्य होतं, तसंच शंकेमुळे संशयास्पद बोलणं. पण प्लिनीचं मीठ खरंखुरं, पदार्थातलं आहे. संशयाचा अर्थ त्यात नाही. लॅटिनमध्ये 'सल' म्हणजे मीठ, तसंच बोलण्यातला चुरचुरीतपणा किंवा अक्कलहुशारीही. त्या अर्थाचाही इथं हात असू शकतो. इंग्रजीत हा वाक्प्रचार शंकेच्या अर्थानं 1647 मध्ये जॉन ट्रॅपच्या बायबलवरच्या भाष्यात आढळतो, म्हणजे प्लिनीनंतर जवळजवळ सोळाशे वर्षांनी. 'पिंच' तर त्याच्याही खूप नंतरचा.

प्लिनी कोल्हापूरकराला अगदीच परका नाही. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमशी व्यापार चालायचा त्या शतकांची ती खूण. त्याच व्यापाराबद्दल प्लिनीची तक्रार आहे, की भारत दरवर्षी रोमचे 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. इतिहासकार हा आकडा जपूनच वापरतात.

याच जातीची आणखी एक लोकप्रिय कथा आहे: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी'. 'सॅलरी' लॅटिन 'सलारियम'वरून आला आणि 'सलारियम' 'सल'वरून, इतकं खरं. पण सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं असं एकाही प्राचीन लेखकानं लिहिलेलं नाही.

मराठीत आणताना

इंग्रजी बातमीतलं 'शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' मराठीत 'चिमूटभर मिठासह घ्यावे' असं छापणं म्हणजे वाचकाला अर्थाशिवाय चव देणं. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हेही बसत नाही, कारण ते निर्णयाबद्दल आहे, खरेपणाबद्दल नाही. 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' फारच पुढं जातं, तिथं खरं काहीच उरत नाही. सगळ्यात जवळचे म्हणजे 'हातचं राखून विश्वास ठेवावा' आणि 'सोळा आणे खरं धरू नये'. औपचारिक मजकुरात 'हे आकडे पडताळूनच स्वीकारावेत' पुरेसं. आणि कट्ट्यावरच्या संवादात कोल्हापुरी माणूस काय म्हणतो ते लिहावं:

"भावा, उद्यापासनं म्हणं पेट्रोल मिळणार न्हाई."
"कुणी सांगितलं?"
"ग्रुपवर आलंय की."
"मग निम्मं सोडून दे."

'निम्मं सोडून दे'मध्ये 'पिंच ऑफ सॉल्ट'चा सगळा अर्थ आला. ऐकणाऱ्यानं स्वतः वजाबाकी करायची आणि उरलेलं ठेवून घ्यायचं. उलट दिशेनं, म्हणजे हा संवाद इंग्रजीत नेताना, 'लीव्ह हाफ ऑफ इट' लिहू नका. 'आय वुड टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' लिहा. इथं 'वुड' घातल्यानं सल्ला सौम्य होतो. 'टेक' एवढंच ठेवलं तर हुकूम वाटतो, आणि जवळच्या मित्राला तोही चालतो.